चार्ल्स एलियट आणि आधुनिक विद्यापीठाची घडण

अध्यक्षपदाचे स्वरूप

अमेरिकेतील विद्यापीठाचा अध्यक्ष हा त्या संस्थेचा प्रमुख कार्यकारी अधिकारी असतो. महाराष्ट्रातील कुलगुरूंच्या कामाशी त्याच्या कामाचे बरेच साम्य आहे. नेमणुकीची रीत मात्र निराळी आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत शोधसमितीने सुचवलेल्या नावांतून राज्यपाल कुलपती या नात्याने कुलगुरूंची पाच वर्षांसाठी नेमणूक करतात. हार्वर्डसारख्या खासगी विद्यापीठात ही निवड संस्थेची नियामक मंडळेच करतात आणि पदाची मुदत ठरलेली नसते. अध्यक्षाला पैसा, नेमणुका आणि सभेपुढील विषय यांवर मोठा प्रभाव टाकता येतो, पण अध्यापकाने काय शिकवावे याचा हुकूम त्याला सोडता येत नाही. जबाबदारी संपूर्ण संस्थेची आणि अधिकार मात्र मन वळवण्यापुरते, अशी या पदाची घडण आहे. या घडणीत काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेण्यासाठी चार्ल्स विल्यम एलियट यांची कारकीर्द फार उपयुक्त आहे. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे ते हार्वर्डचे अध्यक्ष होते.

घराणे आणि शिक्षण

एलियट यांचा जन्म २० मार्च १८३४ रोजी बोस्टन येथे झाला. त्यांचे वडील सॅम्युअल अ‍ॅटकिन्स एलियट बोस्टनचे महापौर होते आणि पुढे अनेक वर्षे हार्वर्डचे कोषाध्यक्ष होते. विद्यापीठ चालवणे म्हणजे हिशेब, जमिनी आणि देणग्या सांभाळणेही असते, हे त्यामुळे घरातच दिसत होते. हार्वर्डमधील शिक्षण त्या काळी ग्रीक, लॅटिन व गणित यांच्या पाठांतरावर उभे होते. सर्वांना तेच विषय, तीच पुस्तके आणि वर्गात रोज पाठ म्हणून दाखवणे असा क्रम होता. एलियट यांना मात्र रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसाया कुक यांनी आपल्या प्रयोगशाळेत काम करू दिले. स्वतःच्या हाताने प्रयोग करून शिकण्याची ही संधी त्या काळी विरळ होती. १८५३ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे गणित शिकवू लागले.

हुकलेली बढती आणि युरोप

१८५७ च्या आर्थिक मंदीत एलियट कुटुंबाची संपत्ती गेली. १८६३ मध्ये हार्वर्डमधील रसायनशास्त्राचे मानाचे अध्यासन एलियट यांच्याऐवजी वोल्कॉट गिब्ज यांना मिळाले. गिब्ज हे जर्मनीत शिकलेले, संशोधनात अधिक नाव असलेले शास्त्रज्ञ होते. एलियट यांनी हार्वर्ड सोडले आणि सुमारे दोन वर्षे युरोपात काढली. तेथे त्यांनी रसायनशास्त्राबरोबर फ्रान्स, जर्मनी व इंग्लंड येथील शाळा, तंत्रशाळा आणि विद्यापीठे बारकाईने पाहिली. शिक्षणाचा उद्योगधंद्यांशी, शासनाशी आणि समाजाच्या गरजांशी कसा संबंध येतो, हा त्यांच्या निरीक्षणाचा विषय होता. याच काळात लॉवेल येथील एका मोठ्या कापडगिरणीचे व्यवस्थापकपद त्यांना देऊ करण्यात आले. वर्षाला ५,००० डॉलर पगार आणि राहायला घर असा तो प्रस्ताव होता. तो नाकारून ते शिक्षणक्षेत्रातच राहिले. संशोधक म्हणून मागे पडलेला हा माणूस संस्थांचा अभ्यासक म्हणून येथे घडला.

एमआयटी आणि ‘नवे शिक्षण’

१८६५ मध्ये बोस्टनला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे वर्ग सुरू झाले आणि एलियट तेथे विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. फ्रान्सिस स्टोरर यांच्यासह त्यांनी असेंद्रिय रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले; त्यात प्रयोगाला पाठांतरापेक्षा वरचे स्थान होते. १८६९ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्यांचा ‘नवे शिक्षण’ या विषयावरील लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. विज्ञान, आधुनिक भाषा आणि गणित यांवर आधारलेले शिक्षण जुन्या अभिजात शिक्षणाइतकेच भरीव असू शकते, पण त्याला स्वतंत्र रचना आणि प्रशिक्षित शिक्षक लागतात, असे त्याचे सार होते. व्यापार आणि उद्योग यांत शिरू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांना भेडसावणाऱ्या प्रश्नाला त्यात उत्तर होते. त्यामुळे शिक्षणक्षेत्राबाहेरचे वाचकही त्याकडे वळले.

१८६९ ची निवड

हार्वर्डचा कारभार दोन मंडळे पाहतात. १६५० च्या सनदेनुसार त्या काळी अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि पाच सदस्य अशा सात जणांचे असलेले ‘कॉर्पोरेशन’ हे एक, आणि त्यावर देखरेख ठेवणारे ‘ओव्हरसियर्स’ हे दुसरे. १८६५ च्या कायद्याने ओव्हरसियर्स निवडण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडून माजी विद्यार्थ्यांकडे आला. या बदलामुळे बोस्टनच्या व्यापारी आणि व्यावसायिक वर्गाचा आवाज वाढला. तोवर अध्यक्षपदावर बहुधा धर्मोपदेशक असत. पस्तीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ हे पद घेतो, ही कल्पना अनेकांना रुचली नाही आणि ओव्हरसियर्सनी प्रथम हे नाव परत पाठवले. कॉर्पोरेशन ठाम राहिल्यावर मे १८६९ मध्ये निवडीवर शिक्कामोर्तब झाले. १९ ऑक्टोबरच्या पदग्रहणाच्या भाषणात एलियट यांनी भाषा की विज्ञान, हा वादच निरर्थक ठरवला. विद्यापीठात सर्व विषय हवेत आणि ते उत्तम दर्जाचे हवेत, ही त्यांची भूमिका होती.

ऐच्छिक विषयांची पद्धती

एलियट यांच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडलेली सुधारणा म्हणजे ऐच्छिक विषयपद्धती. पदवीसाठी ठरावीक संख्येने विषय पूर्ण करायचे, पण ते कोणते हे विद्यार्थ्याने ठरवायचे, अशी तिची व्याख्या करता येईल. थोडी निवड आधीही होती; एलियट यांनी ती अपवादाऐवजी नियम केली. यामागील विचार दुहेरी होता. प्रत्येक मनाची ओढ वेगळी असते आणि आवडीच्या विषयातच माणूस कष्ट घेतो, हा एक भाग. निवड करण्याची सवय हीच नागरिकत्वाची तालीम आहे, हा दुसरा. सक्तीने शिस्त येते हे जुन्या पद्धतीचे गृहीतक होते. स्वतः निवडलेल्या कामातून येणारी शिस्त अधिक टिकते, असे एलियट यांचे प्रतिपादन होते.

अंमलबजावणीचा क्रम

हा बदल एका ठरावाने झाला नाही. १८७२ मध्ये शेवटच्या वर्षाचे सक्तीचे विषय गेले, १८७९ मध्ये तिसऱ्या वर्षाचे, १८८४ मध्ये दुसऱ्या वर्षाचे. त्यानंतर पहिल्या वर्षावरचे बंधनही सैल झाले. १८९७ पर्यंत पहिल्या वर्षातील इंग्रजी लेखनाचा अभ्यास एवढीच सक्ती उरली. माहितीपत्रकातील अभ्यासक्रम वर्षानुसार न देता विषयानुसार छापले जाऊ लागले. हा छापील बदल लहान दिसतो, पण त्यामुळे विद्यार्थी वर्गाच्या तुकडीऐवजी विषयाशी जोडला गेला. १८८६ मध्ये प्रार्थनेची सक्ती संपली आणि त्याच सुमारास प्रवेशासाठी ग्रीकची अटही शिथिल झाली. विरोध सतत होता. १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांनी जाहीर वादात या पद्धतीवर कठोर टीका केली. एलियट यांचा मार्ग संथ होता: अध्यापकसभेत विषय मांडायचा, नकार आला तर थांबायचे आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा मांडायचा.

एका बदलातून दुसरा

ऐच्छिक पद्धतीचा परिणाम वर्गापुरता राहिला नाही. निवड द्यायची तर निवडण्याजोगे विषय हवेत. विषय हवेत तर ते जाणणारे अध्यापक हवेत. असे अध्यापक हवेत तर त्यांना पुरेसे वेतन, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा हव्यात. आणि त्यासाठी निधी हवा. एलियट आले त्याच वर्षी प्राध्यापकांचे वार्षिक वेतन ३,००० वरून ४,००० डॉलर झाले. उलट दिशेनेही हीच साखळी काम करते. प्रगत विषय शिकवण्याची मुभा मिळाल्यावर संशोधक अध्यापक आकर्षित झाले आणि त्यांच्या हाताखाली पुढचे अध्यापक तयार झाले. एलियट यांच्या कारकिर्दीच्या आरंभी हार्वर्डमध्ये सर्व शाखांत मिळून सुमारे १,००० विद्यार्थी होते, तर अखेरीस सुमारे ४,००० होते. अध्यापकांची संख्या सुमारे साठवरून सुमारे सहाशेवर गेली. म्हणजे अध्यापकांची वाढ विद्यार्थ्यांच्या वाढीहून अधिक वेगाने झाली. ऐच्छिक पद्धतीचे संस्थात्मक मर्म या प्रमाणात आहे.

कायद्याचे शिक्षण

१८६९ मध्ये हार्वर्डच्या कायदा विभागाला प्रवेशपरीक्षा नव्हती आणि पदवीपरीक्षाही नव्हती. सुमारे दीड वर्ष हजेरी लावली की पदवी मिळे. १८७० मध्ये एलियट यांनी न्यूयॉर्कमधील फारसे प्रसिद्ध नसलेले वकील क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांना आणले आणि ते विभागप्रमुख झाले. लँगडेल यांनी व्याख्यानाऐवजी न्यायनिर्णयांचा अभ्यास हा अध्यापनाचा पाया केला. विद्यार्थ्यांनी मूळ निकाल वाचायचे आणि प्रश्नोत्तरांतून त्यांतील तत्त्व शोधायचे, अशी ही ‘केस मेथड’ होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशी तिचे नाते उघड आहे: येथे ग्रंथालय हीच प्रयोगशाळा. सुरुवातीला विद्यार्थी वर्ग सोडून जाऊ लागले, पण एलियट यांनी लँगडेल यांची पाठराखण केली. १८७३ मध्ये वकिलीचा अनुभव नसलेले जेम्स बार एम्स यांना कायद्याचे अध्यापक नेमले गेले. कायदा शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, हे त्या नेमणुकीने मान्य केले. पुढे हीच पद्धती अमेरिकेतील बहुतेक कायदा महाविद्यालयांनी स्वीकारली.

वैद्यकीय शिक्षण

वैद्यकीय विभागाची स्थिती अधिक गंभीर होती, कारण तिथल्या त्रुटींची किंमत रुग्णांना मोजावी लागे. हिवाळ्यातील चार महिन्यांची व्याख्याने दोनदा ऐकायची, एखाद्या डॉक्टरकडे उमेदवारी करायची आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यायची, असा क्रम होता. नऊ विषयांपैकी पाचांत उत्तीर्ण झालेल्यालाही पदवी मिळे. विद्यार्थ्यांचे शुल्क अध्यापक आपसांत वाटून घेत. साहजिकच प्रवेश कडक करण्यात त्यांचे हित नव्हते. पूर्वीचे अध्यक्ष या विभागाच्या सभांना सहसा जात नसत. एलियट जाऊन थेट अध्यक्षस्थानी बसू लागले. १८७१ च्या सुधारणेने तीन वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम आला आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. शुल्क विद्यापीठाच्या तिजोरीत जमा होऊन अध्यापकांना वेतन मिळू लागले. शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो यांनी तीव्र विरोध केला. विद्यार्थिसंख्या काही काळ घटली, पुढे भरून आली. १८९२ मध्ये अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला आणि १९०१ पासून प्रवेशासाठी पदवीची अट आली. वेतनाचा स्रोत बदलल्याशिवाय दर्जा बदलत नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष आहे.

पदव्युत्तर अध्ययन आणि जॉन्स हॉपकिन्स

१८७२ मध्ये हार्वर्डने पदव्युत्तर विभाग सुरू केला आणि १८७३ मध्ये पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या. पण हा विभाग बरीच वर्षे दुबळाच होता. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे डॅनियल कॉइट गिलमन यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडले आणि तेथे संशोधनाला प्रथम स्थान मिळाले. उत्तम अध्यापक तिकडे ओढले जाऊ लागल्यावर हार्वर्डला संशोधनाकडे गंभीरपणे पाहावे लागले. १९०२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या समारंभात एलियट यांनी हे ऋण जाहीरपणे मान्य केले: त्या विद्यापीठाचे उदाहरण समोर येईपर्यंत हार्वर्डचा पदव्युत्तर विभाग भरभराटीला आला नाही, असे त्यांनी सांगितले. विद्यापीठाचे नेतृत्व एकाच संस्थेच्या चौकटीत समजत नाही. संस्थांमधील स्पर्धा आणि अनुकरण हाही सुधारणेचा एक स्रोत असतो.

अध्यापकांची निवड

अध्यक्षाच्या हातातील सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे नेमणुका. एलियट यांनी हेन्री अ‍ॅडम्स यांना मध्ययुगीन इतिहास शिकवण्यास बोलावले. रसायनशास्त्रात त्यांचे विद्यार्थी असलेले विल्यम जेम्स यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यासाठी घेतले. जेम्स तेथून मानसशास्त्राकडे आणि तत्त्वज्ञानाकडे वळले. जोसाया रॉइस यांच्यासारखे भिन्न मताचे तत्त्वज्ञही त्यांनी जवळ केले. अध्यापकाचे विचार अध्यक्षाशी जुळावेत, ही अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. १८८० मध्ये हार्वर्डने सातव्या वर्षी अर्ध्या वेतनावर रजा देण्याची प्रथा सुरू केली. अध्यापकाला अध्ययनासाठी सलग वेळ लागतो, या समजुतीतून आलेली ही ‘सबॅटिकल’ रजा नंतर जगभरातील विद्यापीठांनी स्वीकारली.

संस्कृत, पाली आणि धर्मानंद कोसंबी

त्याच १८८० साली संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन जॉन्स हॉपकिन्सहून हार्वर्डला आले. १८९१ मध्ये लॅनमन आणि हेन्री क्लार्क वॉरन यांनी ‘हार्वर्ड ओरिएंटल सीरीज’ ही ग्रंथमाला सुरू केली. वॉरन यांनी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये त्यांच्या निधनामुळे ते अपुरे राहिले. हे काम पुढे नेण्यासाठी गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. तोवर एलियट निवृत्त झाले होते, पण अध्यासन, ग्रंथमाला आणि संग्रह ही सारी व्यवस्था त्यांच्या काळात उभी राहिली होती. संपादनाच्या श्रेयावरून लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाले. हे संपादन अखेर १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाले. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचेच पदवीधर झाले. अल्प विद्यार्थी असलेल्या विषयालाही विद्यापीठात जागा हवी, या धोरणाचे फळ मराठी विद्वत्तेपर्यंत असे पोहोचले.

शाळांशी जोड

विद्यापीठाचा दर्जा प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या तयारीवर अवलंबून असतो. म्हणून एलियट यांचे लक्ष माध्यमिक शाळांकडे वळले. १८९२ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा सदस्यांची समिती नेमली आणि एलियट तिचे अध्यक्ष झाले. समितीने नऊ विषयगटांच्या परिषदा बोलावून शाळा व महाविद्यालये या दोन्हींतील अध्यापकांची मते घेतली. महाविद्यालयात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांना एकच विषय एकाच गांभीर्याने शिकवावा, आणि नीट शिकवलेल्या विज्ञान, इतिहास वा आधुनिक भाषेला लॅटिनइतकेच मोल द्यावे, या तिच्या मुख्य शिफारशी होत्या. दुसरी अडचण प्रवेशपरीक्षांची होती. प्रत्येक महाविद्यालयाची परीक्षा वेगळी असल्याने शाळांची ओढाताण होई. कोलंबिया विद्यापीठाचे निकोलस मरे बटलर आणि एलियट यांच्या पुढाकाराने १९०० मध्ये सामाईक प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९०१ मध्ये पहिली परीक्षा झाली.

निधी, निवृत्तिवेतन आणि श्रेयांक

एलियट यांच्या काळात हार्वर्डचा स्थायी निधी सुमारे २५ लाख डॉलरवरून दोन कोटी डॉलरच्या वर गेला. सविस्तर वार्षिक अहवाल हे त्यांचे मुख्य साधन होते. पैसा कुठे गेला आणि कुठे कमी पडतो हे देणगीदारांना त्यातून कळे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. या कार्नेगी प्रतिष्ठानाच्या विश्वस्तमंडळाचे पहिले अध्यक्ष एलियट होते. निवृत्तिवेतनाचा लाभ हवा असेल तर महाविद्यालयाने प्रवेशाची किमान अट पाळावी, असा नियम झाला. ती अट मोजण्यासाठी सुमारे १२० तासांच्या अध्ययनाचे एक एकक ठरले, आणि तासांवर आधारलेल्या श्रेयांकपद्धतीला तेथून बळ मिळाले. ऐच्छिक विषय आणि श्रेयांक यांचे नाते अंगभूत आहे: प्रत्येकाचे विषय वेगळे असतील, तर त्यांची बेरीज करण्यासाठी सामाईक माप लागतेच.

स्त्रियांचे शिक्षण

या प्रश्नावर एलियट संकोचाने पुढे सरकले. पदग्रहणाच्या भाषणातच त्यांनी तरुण स्त्री-पुरुषांना एकत्र ठेवण्याच्या अडचणींचा हवाला देऊन हार्वर्ड कॉलेज स्त्रियांना खुले करण्यास नकार दिला होता. १८७९ मध्ये हार्वर्डचे अध्यापक स्वतंत्रपणे स्त्रियांना शिकवू लागले. एलिझाबेथ कॅरी अगासिझ यांच्या पुढाकारातून या व्यवस्थेचे १८९४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयात रूपांतर झाले. तिथल्या पदव्यांवर हार्वर्डच्या अध्यक्षाचीही सही असे. शिकवणारे तेच, परीक्षा त्याच, पण पदवी हार्वर्डची नव्हे, अशी ही तडजोड होती. निवडीचे स्वातंत्र्य हे ज्यांच्या विचाराचे केंद्र होते, त्यांनी ते स्वातंत्र्य स्त्रियांपर्यंत नेले नाही. हा त्यांच्या कारकिर्दीतील ठळक दोष आहे.

ऐच्छिक पद्धतीच्या मर्यादा

निवडीला मार्गदर्शनाची जोड नसेल तर काय होते, हेही हार्वर्डमध्येच दिसले. अनेक विद्यार्थी वेगवेगळ्या विषयांचे केवळ प्राथमिक वर्ग निवडत, सोयीच्या वेळा पाहत आणि कोणत्याही विषयात खोल न जाता पदवी मिळवत. १९०३ मध्ये अध्यापकांच्या एका समितीला विद्यार्थी अभ्यासाला अपेक्षेपेक्षा बराच कमी वेळ देतात, असे आढळले. त्या समितीत अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल होते. १९०९ मध्ये अध्यक्ष झाल्यावर त्यांनी एका विषयात सखोल अध्ययन आणि उरलेल्या विषयांचे विविध शाखांत वाटप अशी नवी रचना आणली. मुख्य विषय, इतर शाखांतील काही आवश्यक विषय आणि काही मुक्त विषय ही आजची सर्वपरिचित मांडणी अशी एलियट आणि लॉवेल या दोघांच्या कामातून तयार झाली आहे. एलियट यांनी दार उघडले. पण प्रत्येक अठरा वर्षांचा मुलगा स्वतःची दिशा जाणतो, हे त्यांचे गृहीतक फार आशावादी होते.

अन्य अपयशे आणि मतांच्या मर्यादा

एमआयटीचे हार्वर्डमध्ये विलीनीकरण करण्याचा प्रयत्न एलियट यांनी पुन्हा पुन्हा केला; १९०५ मधील शेवटचा मोठा प्रयत्न एमआयटीचे अध्यापक व माजी विद्यार्थी यांच्या विरोधामुळे आणि जमिनीविषयीच्या न्यायालयीन निर्णयामुळे फसला. पदवी तीन वर्षांची करण्याचा प्रस्ताव ओव्हरसियर्सनी फेटाळला. फुटबॉलमधील हिंसेला त्यांनी कसून विरोध केला, पण खेळ बंद करणे त्यांना जमले नाही. सामाजिक मतांत परस्परविरोध होता. त्यांच्याच काळात, १८९५ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पण एलियट वंशमिश्रणाच्या विरोधात होते आणि सुप्रजननवादी चळवळीला त्यांचा पाठिंबा होता. दुसरीकडे, १९२२ मध्ये लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला, तेव्हा ८८ वर्षांच्या एलियट यांनी त्याला विरोध केला. मोठ्या संस्थाकाराचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू नोंदवाव्या लागतात.

निवृत्तीनंतरचे कार्य

१९०९ मध्ये, ७५ व्या वर्षी, एलियट निवृत्त झाले. ब्रिटनमधील राजदूतपद त्यांना देऊ करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले. रोज थोडा वेळ वाचणाऱ्या सामान्य माणसालाही व्यापक शिक्षण मिळू शकते, या विश्वासातून त्यांनी ‘हार्वर्ड क्लासिक्स’ ही सुमारे पन्नास खंडांची ग्रंथमाला संपादित केली. तिच्या एका खंडात वॉरन यांनी भाषांतरित केलेले बौद्ध साहित्य आणि एडविन अर्नोल्ड यांनी केलेला भगवद्गीतेचा अनुवाद आहे. महाविद्यालयाबाहेरच्या वाचकाला सोबत घेणारा हा उपक्रम त्यांच्या मूळ भूमिकेशी सुसंगत होता. २२ ऑगस्ट १९२६ रोजी मेन राज्यातील नॉर्थईस्ट हार्बर येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय संदर्भ

एलियट हार्वर्ड बदलत होते त्या काळात १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेत होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई. त्या रचनेत अभ्यासक्रम सर्वांना समान असणे ही परीक्षेची गरज होती. हार्वर्डमध्ये शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असल्याने निवडीला वाव होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मुख्य विषय, दुय्यम विषय, मुक्त विषय आणि श्रेयांक ही मांडणी आली आहे. एलियट यांच्या अनुभवावरून तिच्या यशाच्या अटी सांगता येतात. विषयांची यादी लांब करून निवड मिळत नाही. ते विषय शिकवणारे पूर्णवेळ अध्यापक असावे लागतात. जेथे अध्यापकांची पदे रिकामी आहेत, तेथे ऐच्छिक विषय कागदावरच राहतात. आणि निवडीबरोबर सल्ला देणारी व्यवस्था नसेल, तर १९०३ मध्ये हार्वर्डला जे आढळले तेच पुन्हा आढळेल.

कारकिर्दीचा अर्थ

एलियट यांचे यश एखाद्या नव्या कल्पनेत नव्हते. ऐच्छिक विषय, संशोधन, लेखी परीक्षा, प्रयोगशाळा यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे आधीपासून होती. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत, हे त्यांनी ओळखले आणि शाळेपासून पीएच.डी.पर्यंत, वेतनापासून निवृत्तिवेतनापर्यंत साऱ्या साखळीवर एकाच वेळी काम केले. त्यासाठी लागणारा काळ त्यांना मिळाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वैद्यकीय विभागात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमापासून पदवीच्या प्रवेश-अटीपर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. ऐच्छिक पद्धती पूर्ण व्हायला पंचवीस. पाच वर्षांच्या मुदतीत एक अध्यक्ष किंवा एक कुलगुरू यांतील एखादाच टप्पा गाठू शकतो. म्हणून जेथे नेतृत्व वारंवार बदलते, तेथे सुधारणेचे सातत्य व्यक्तीऐवजी संस्थेच्या नियमांत, निधीत आणि अध्यापकवर्गात रुजवावे लागते. विद्यापीठ घडवणाऱ्या माणसाचे काम किती टिकाऊ आहे, हे त्याच्या पश्चात त्या रुजवणुकीवरून ठरते.